बोरांचे अंदाज मी लिहायचे तेव्हा

जालन्यातल्या एका शेतीच्या साप्ताहिकात मी आठ वर्षं बोरांच्या हंगामाचे अंदाज लिहिले. कुठल्या भागात फुलोरा कसा आहे, फळं किती धरली, तोडणी कधी सुरू होईल, माल किती निघेल, असं सगळं. दर आठवड्याला अर्धं पान. त्यातल्या पहिल्या सात वर्षांत कामासाठी म्हणून मी एकाही बोराच्या बागेत पाऊल ठेवलं नाही. केदारखेड्याला माझ्या आत्याची बाग आहे, पण तिच्याकडे माझं जाणं व्हायचं ते मे महिन्यात, लग्नाकार्याला. तेव्हा बोरींची छाटणी झालेली असते आणि बागेत नुसते बोडके बुंधे उभे असतात. त्यांच्याकडे बघून कुणालाही कसलाही अंदाज करता येणार नाही. मी करत होते.

आमच्या संपादकांचं आधी खता-औषधांचं दुकान होतं. दुकान अजूनही आहे, आता मुलगा बघतो. साप्ताहिक शेतकऱ्यांच्या प्रबोधनासाठी निघतं असं पहिल्या पानावर छापलेलं असायचं. बाकीच्या पानांवर फवारणीच्या औषधांच्या जाहिराती. मी कामाला लागले त्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून समजावलं.

"मॅडम, पीक एकदम चांगलं लिहायचं नाही. चांगलं आहे म्हटलं की माणूस फवारत नाही. एकदम वाईटही लिहायचं नाही. गेलंच म्हटल्यावर कशाला फवारेल तो?"

"मग कसं लिहायचं, सर?"

"चित्र आशादायक, मात्र काळजी घेणे गरजेचे."

हे वाक्य मी त्या नोकरीत इतक्या वेळा लिहिलं, की शेवटी शेवटी पहिलं अक्षर टाइप केलं की कॉम्प्युटर बाकीचं आपणहून पुढे करायचा. त्यालाही सवय झाली होती.

माझी माहिती यायची तीन फोनांवरून. मंगळवारी दुपारी डबा खाऊन झाला की मी ते तीन फोन करायचे आणि चार वाजेपर्यंत जिल्ह्यातल्या तिन्ही पट्ट्यांचा अंदाज तयार असायचा. 'पट्टे' हा शब्द संपादकांचा. गाव म्हटलं की वाचणाऱ्याला गाव दिसतं, पट्टा म्हटलं की अभ्यास दिसतो, असं ते म्हणायचे.

बदनापूर पट्टा मला एक सर सांगायचे. ते राहायला जालन्यात, शाळा बदनापूरला, रोज रेल्वेनं ये-जा. ते खिडकीतून बघायचे आणि मला सांगायचे. उन्हाचा त्रास नको म्हणून ते जाताना आणि येतानाही सावलीच्या बाजूला बसायचे, म्हणजे दोन्ही वेळा रुळांच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला काय पिकतं हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. एकदा मी विचारलंही, "सर, ते हिरवं दिसलं म्हणता ते बोरच होतं ना?" तर म्हणाले, "हिरवं होतं हे नक्की." मी 'बदनापूर पट्ट्यात झाडांची वाढ जोमदार' असं लिहून टाकलं.

केदारखेड्याला आत्या. तिची पद्धत अगदी उलटी. सरांना सगळं हिरवं दिसायचं आणि आत्याला काहीच दिसायचं नाही. फुलोऱ्याच्या वेळी विचारलं तर "फूल गळून राह्यलं." फळ धरल्यावर विचारलं तर "भुरी आली बाई, पांढरं पडलं सगळं." तोडणीच्या वेळी विचारलं तर "काय तोडायचं? काहीच न्हाई." पहिल्या वर्षी मी घाबरून सगळं तसंच छापलं. मग संक्रांतीला तिच्याकडून बोरांचं पोतं आलं, एकेक बोर लिंबाएवढं. तेव्हापासून मी माझा एक हिशोब ठरवला. आत्या "काहीच न्हाई" म्हणाली की 'मध्यम' लिहायचं, आणि "मेलं सगळं" म्हणाली की 'सरासरीपेक्षा किंचित कमी'. माझ्या या शास्त्राचा मला अभिमान होता. संपादकांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी शिपायाला माझ्यासाठी स्पेशल चहा आणायला पाठवलं.

तिसरे अंकुशनगरचे एक भाऊ. साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचे, ऑफिसात कारकून होते. त्यांचा नंबर मला आधीच्या मुलीनं दिला होता. नोकरी सोडताना तिनं टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली होती, 'अंबड भाग, बोरं, माणूस बोलका.' भाऊ खरंच बोलके होते. आणि तिघांत तेच एक जण अचूक सांगायचे. "ताई, आज बराबर पाडाला आलीत. चार दिवसांनी पिवळी पडतेन." "ताई, राघूंनी वरची सगळी फोडली, खालची शाबूत." "ताई, औंदा निम्मीच हाय." एवढं नेमकं सांगणारा माणूस मिळाल्यावर मी त्यांचं जसंच्या तसं लिहायचे. त्यामुळे आमच्या अंदाजात अंबड पट्टा बहुतेक वर्षी पुढे, बदनापूर मधे आणि केदारखेडा तळाला.

सातव्या वर्षी पाऊस लांबला, नंतर थंडीही चांगली पडली. डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारी सर म्हणाले, "हिरवंगार." आत्या म्हणाली, "मेलं सगळं." आणि भाऊ म्हणाले, "ताई, बिलकुल पाय ठेवायला जागा न्हाई. फांद्या टेकून राह्यल्या. मी तर टेकू लावलेत."

मी मथळा दिला, 'अंबड पट्ट्यात बोरांच्या फांद्या जमिनीला टेकल्या.' संपादकांना तो इतका आवडला की त्यांनी त्याच अंकात वाचकांसाठी पाहणी दौरा जाहीर करून टाकला. संक्रांतीच्या आधीचा रविवार, जेवणासह, सर्वोत्तम पट्ट्याचं प्रत्यक्ष दर्शन. मार्गदर्शक म्हणून माझं नाव.

मी आदल्या दिवशी भाऊंना फोन केला. "भाऊ, उद्या आमचे वाचक येतायत. बाग दाखवाल ना?"

ते जरा थांबले. "या की ताई. चहाला या."

"बाग कुणाच्या शेतात आहे? गाडी तिथपर्यंत जाईल ना?"

"तुम्ही या तर आधी," ते म्हणाले. आणि मी, फोनवरच्या एका 'हं'वरून गावच्या गावचं उत्पादन ठरवणारी, त्या थांबण्यातून काहीही ओळखलं नाही.

रविवारी सकाळी ऑफिससमोरून गाडी निघाली. एकवीस माणसं होती. पुढच्या सीटवर संपादक, टोपी घालून. त्यांच्या मागे औषध कंपनीचा एक प्रतिनिधी, मांडीवर गुंडाळलेला बॅनर घेऊन. एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांनी मोजायची टेप आणली होती. आणि परतूरकडचे एक शेतकरी होते, साठीचे, पांढरा सदरा घातलेले, अजिबात न बोलणारे. ते माझ्या शेजारी बसले होते. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला तर नुसती मान हलवली.

वसाहतीत शिरल्यावर भाऊ रस्त्यावरच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी गाडी क्वार्टरच्या ओळीसमोर थांबवायला लावली आणि आम्हाला दारातून, स्वयंपाकघरातून, मागच्या अंगणात नेलं. एकवीस माणसं वहिनींच्या गॅसच्या शेगडीला वळसा घालून गेली. अंगणात बोरीचं एक झाड होतं. खरंच लगडलेलं. एक फांदी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर टेकली होती, दुसरीला बांबूचा टेकू होता, आणि खाली बोरांचा सडा पडून खरंच पाय ठेवायला जागा नव्हती.

"वा," संपादक म्हणाले. "आणि बाग?"

"हे झाड," भाऊ म्हणाले.

"हो, झाड बघितलं. बाग कुठाय?"

"बाग न्हाई साहेब. झाड हाय."

 शेजारच्या अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं. मी पुढे झाले. "भाऊ, तुम्ही मला अंबड पट्ट्याचं सांगत होतात ना?"

"कोनता पट्टा?" ते खरोखर गोंधळले होते. "ताई, तुम्ही इचारायच्या, बोरं कशी हायत? मी सांगायचो, अशी हायत. झूट बोललो का एक तरी? बघा ना."

बघत होते. एकही शब्द खोटा नव्हता. सात वर्षांत 'कुठली बोरं' एवढं मी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात वहिनी पाण्याचे ग्लास घेऊन आल्या आणि त्यांना वाटलं आम्ही झाडाची चौकशी करतोय. "गेल्या साली तर निम्मीच लागली हो. भिंतीचं काम काढल्तं, तर मिस्त्र्यानं अर्धं झाडच तोडून टाकलं." गेल्या वर्षी मी 'अंबड पट्ट्यात उत्पादन निम्म्यावर, हवामान बदलाचा फटका' असं छापलं होतं. त्यावर एका वाचकाचं लांबलचक पत्रही आलं होतं, शासनानं लक्ष घालावं म्हणून.

संपादकांचं मला कौतुक वाटलं ते त्या क्षणी. त्यांनी एकदा झाडाकडे आणि एकदा प्रतिनिधीच्या हातातल्या बॅनरकडे बघितलं. मग टोपी सारखी करून ते वळले आणि एकवीस लोकांना म्हणाले, "मित्रहो, परसबागेतलं बोर! आपण मोठ्या बागांच्या मागे धावतो, पण एका झाडाकडे लक्ष दिलं तर काय होतं, त्याचं हे उदाहरण." ते दहा मिनिटं बोलले. प्रतिनिधीनं बॅनर सोडला आणि एक टोक झाडाला, एक टोक टाकीच्या नळाला बांधलं. भाऊंनी त्या झाडावर आयुष्यात कसलीही फवारणी केली नव्हती, पण बॅनरसमोर त्यांचा फोटो निघाला. इंजिनिअरांनी बुंध्याचा घेर मोजला, मग सावलीचा व्यास मोजला, आणि दोन झाडांतलं अंतर किती ठेवलंय असं विचारून वहीत 'लागू नाही' असं लिहून घेतलं.

परतूरचे शेतकरी एका बाजूला पायरीवर बसले होते. रुमालात चारदोन बोरं घेऊन खात होते. मी त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी हसण्यावारी न्यायला लागले. ते शांतपणे म्हणाले, "माझी दोन एकर बोरं होती."

"होती म्हणजे?"

"मागं तीन साल लागोपाठ तुम्ही लिव्हलं, अंबडकडं बोरं उदंड. म्हनलं, तिकडून येवढा माल आल्यावर आपल्याला कोन इचारतंय? मंग काढली. मोसंबी लावली." त्यांनी एक बी थुंकून टाकली आणि झाडाकडे बघितलं. "हे व्हय ते?"

मी "हो" म्हटलं.  माफी मागायची तर कशी, हेही कळेना. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते नुसते बोरं खात राहिले आणि म्हणाले, "गोड हायत पन."

बाकीच्या लोकांनी मात्र आवाज चढवला. जेवणासह दौरा होता, आणि एका झाडाखाली एकवीस माणसं किती वेळ उभी राहणार? गाडीत मी आत्याच्या बागेचं बोलले होते. कुणीतरी म्हणालं, मॅडमची आत्या केदारखेड्याला आहे ना, तिकडे चला. संपादक म्हणाले, "तिकडे जाऊन काय बघणार? तिकडे तर सरासरीपेक्षा कमी आहे, आपणच छापलंय." तेव्हा परतूरचे शेतकरी पायरीवरून उठले. "तुम्ही छापलंय ना? मंग तिथं नक्की असंल."

सगळे हसले. संपादकही हसले, जरा उशिरानं.

अंबडहून जालना आणि जालन्याहून पुढे भोकरदनचा रस्ता. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मी आत्याला कळवलं नव्हतं. तिनं फोनवर "काहीच न्हाई, येऊ नको" असंच सांगितलं असतं. बांधावरून वळलो आणि गाडीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. दोन्ही बाजूंना ओळीच्या ओळी, आणि प्रत्येक झाड पानांपेक्षा बोरांनी भरलेलं. लुगड्यांवर पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट चढवून बाया तोडणी करत होत्या. बांधाशी क्रेट एकावर एक रचलेले होते. त्या क्रेटशेजारी आत्या उभी होती आणि तिच्यासमोर एक व्यापारी. आत्याचा चेहरा असा होता की जणू घरात काहीतरी वाईट घडलंय.

"काय सांगू तुम्हाला," ती व्यापाऱ्याला म्हणत होती, "औंदा मालच न्हाई. जे हाय ते हे."

तेवढ्यात आमचे संपादक गाडीतून उतरले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "अरे, हा तर जिल्ह्यातला एक नंबर पट्टा! केवढा माल आहे हा!"

व्यापाऱ्यानं मान वळवून रानाकडे नीट बघितलं. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी तिला लहानपणापासून ओळखते; ती नजर मी एकदाच पाहिली होती, तिच्या लग्नात मी आहेराची साडी पाण्यात पाडली तेव्हा.

"वरून दिसतंय साहेब," ती संपादकांना म्हणाली. "आतून किडकं हाय सगळं. अळी."

इंजिनिअर पुढे झाले. त्यांनी एक बोर तोडलं, मधोमध चावलं, निरखून बघितलं आणि जाहीर केलं, "नाही. निरोगी आहे." मग दुसरं तोडलं. "हेही निरोगी." मी त्यांच्या हातातलं तिसरं काढून घेतलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. व्यापारी हसत हसत म्हणाला, "मावशी, आता बसून बोलू."

त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं. आम्हाला आत्याच्या सुनेनं पिठलं-भाकरी घातली. नंतर आत्यानं मला हाताला धरून गोठ्यामागे नेलं.

"सात वर्सं तुला सांगून राह्यले, काहीच न्हाई, काहीच न्हाई. आन् तू लिव्हती मध्यम! तुला कोन म्हनलं मध्यम?"

"मला वाटायचं तू कमी करून सांगतेस."

"कमी करूनच सांगत होते! छापायसाठीच सांगत होते ना तुला! माल लई हाय म्हनलं की ह्यो मानूस भाव पाडतो. म्हनून म्हनलं, आपली पोरगी पेपरात हाय, तेवढा तरी उपेग व्हईल. तर तू मधी तुझी अक्कल घालती."  "आन् खरं पाह्यजे होतं तर यायचं एकदा. फोनवर कोन खरं सांगतं का?"

मला फार राग आला, आणि तो कुणाचा तेही कळेना. सगळ्यांनी आपापलं बरोबर सांगितलं होतं. सरांना हिरवं दिसलं, ते हिरवं म्हणाले. भाऊंनी झाडाचं सांगितलं. आत्यानं बाजाराचं सांगितलं. खोटं लिहिणारी त्या सगळ्यात मी एकटीच होते, आणि मला त्यासाठी स्पेशल चहा मिळत होता.

पुढच्या अंकात दौऱ्याचा वृत्तांत आला, 'एका दिवसात दोन पट्टे, वाचकांचा उदंड प्रतिसाद.' फोटोत भाऊ, झाड आणि बॅनर. मी संपादकांना म्हटलं, अंबडबद्दल खुलासा छापू या.

"कसला खुलासा?"

"की ते एक झाड होतं."

"मॅडम, एक खुलासा छापला की मागचे सगळे अंक खोटे ठरतात."

"ठरू द्या."

"त्या अंकांत लोकांच्या जाहिराती आहेत," ते म्हणाले, आणि माझ्या भोळेपणाची कीव आल्यासारखे हसले.

मी आणखी एक हंगाम काढला. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचे आणि प्रत्यक्ष बघून लिहायचे. बदनापूरला सरांच्या शाळेमागे उतरून रुळांच्या दोन्ही बाजूंना चालले. सरांच्या सावलीच्या बाजूला तूर होती, दुसऱ्या बाजूला बोरं होती. म्हणजे सर इतकी वर्षं मला तुरीचा अंदाज देत होते. मी लिहायचे, 'बदनापूरजवळच्या एका बागेत भुरी दिसली. बाकी बागांचे मला माहीत नाही.' संपादक 'एका बागेत' खोडून 'पट्ट्यात' करायचे आणि दुसरं वाक्य सरळ काढून टाकायचे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी राजीनामा दिला. त्यांनी तो हसत घेतला. माझ्या जागी आता कोणी नाही, अंदाज मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपवरून येतो. तो माझ्यापेक्षा नीटनेटका असतो आणि त्यात नकाशाही असतो.

नोकरी सोडल्यावर पहिल्या रविवारी मी परतूरला गेले. पत्ता दौऱ्याच्या यादीत होता. ते शेतकरी घरी नव्हते, मोसंबीला पाणी द्यायला गेले होते. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, मी कोण ते सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हंजे बोरंवाल्या बाई."

"हो."

"आता कशाला आल्या? मोसंबीचं लिव्हायला?"

"नाही. लिहिणं सोडलं मी. नुसतं बघायला आले."

तिनं पायात चप्पल सरकवली, दाराला कडी लावली आणि पुढे चालायला लागली. मळ्यापर्यंत अर्धा तास लागला. वाटेत तिनं मला बोरं कुठून कुठपर्यंत होती ते हातानं दाखवलं, कुठली ओळ लवकर पिकायची, कुठली आंबट निघायची, कुठल्या झाडाखाली दुपारी बसायचे. तिथं आता मोसंबीची लहान झाडं होती. मी यातलं काहीही लिहून घेतलं नाही. ती सांगत होती तेवढं ऐकत, तिच्यामागून चालत राहिले.